टॉनिकच्या बाटलीत नेमके काय असते?

महोदय,

पावसाने पंधरा-वीस दिवस उघडीप दिली, की सोयाबीन-मूग माना टाकतात आणि कृषी सेवा केंद्रांत टॉनिकच्या बाटल्या खपू लागतात. ऑगस्ट २०२३ तर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. तेव्हा आमच्या भागात फवारणीचे पंप खाली बसले नव्हते.

संजीवकांनी, म्हणजे झाडाची वाढ नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांनी, कडधान्यांचा पाण्याचा ताण हलका होतो, हे थोतांड नव्हे. ओल संपू लागली की झाड स्वतःच ॲब्सिसिक आम्ल हे संजीवक तयार करते, पानांची रंध्रे मिटतात, पाणी उडणे कमी होते. सॅलिसिलिक आम्लाची लिटरला साधारण ७० ते १४० मिलिग्रॅम इतकी सौम्य फवारणी अनेक प्रयोगांत उपयोगी ठरली आहे. मात्रा वाढली तर तीच पिकाला मारक ठरते. शिवाय रंध्रे मिटली की पानाचे अन्न तयार करणेही मंदावते, म्हणजे जगलेले झाड शेंगा भरीलच असे नाही. जिबरेलिक आम्ल तर झाडाची उंची वाढवते. पाण्याची ओढ असताना ते मारणे म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावणे!

दुकानात मात्र सगळ्यालाच 'टॉनिक' म्हणतात. जिबरेलिक आम्ल, एनएए (नॅप्थॅलिन ॲसेटिक आम्ल) ही संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आहेत आणि त्यांच्या व्याख्येतून ही संजीवके वगळलेली आहेत. फळीवर दोन्ही शेजारी-शेजारी. वर डीएपी खतासोबत लिंकिंग करून, म्हणजे खत हवे तर हेही घ्या म्हणत, टॉनिकची बाटली गळ्यात मारली जाते. फवारल्यावर पिकाला काळोखी (गडद हिरवेपणा) आली, की शेतकरी खूश. ती बहुधा बाटलीतल्या नत्राची किंवा लोहाची असते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींचे काम तर पाने सुकण्याआधीच मंदावलेले असते, ते वरून कोणाला दिसणार?

पावसाच्या खंडात सोयाबीनवर १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) या विद्राव्य खताची एक टक्का फवारणी करा, असे परभणीचे कृषी विद्यापीठ स्पष्ट सांगते. संजीवकांबद्दलही तसेच सांगावे: कोणते पीक, कोणती अवस्था, पंपाला किती, एकरी खर्च किती. कुंडीतले निष्कर्ष आम्हाला पुरत नाहीत. हलक्या, मुरमाड रानात कृषी विज्ञान केंद्रांनी न फवारलेला पट्टा शेजारी ठेवून चाचण्या घ्याव्यात आणि जिथे फरक पडला नाही तेही छापावे. जिरायती हरभरा ऑक्टोबरात पेरतात. निदान त्या पिकापुरती शिफारस पेरणीआधी हाती यावी.

– एक कोरडवाहू शेतकरी, औसा (जि. लातूर)