व्हिएतनाममधल्या ‘हा लाँग बे’ या खाडीतल्या क्रूझबद्दल, सगळ्यांनी वाचा

मंडळी, परवा सकाळी आठला हनोईच्या हॉटेलमधून बस सुटणार, बंदरापर्यंत अडीच-तीन तास लागतात आणि बोट दुपारी बाराच्या सुमारास निघते, ती कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे प्लीज वेळेत खाली या. मोठ्या बॅगा हॉटेलातच ठेवायच्यात, बोटीवर फक्त एका रात्रीची पिशवी. पासपोर्ट मात्र ओरिजिनलच हवा, झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही.

प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या घेऊ नका, 2019 पासून तिथे बोटींवर एकदाच वापरायचं प्लास्टिक बंद आहे, घरची स्टीलची बाटली आणा.

शाकाहारी लोकांनी आज रात्रीपर्यंत मला नाव कळवा, कारण तिकडे साध्या भाजीतही फिश सॉस घालतात आणि आधी सांगितलं तरच वेगळं करून देतात. चटणी, लाडू, ठेपले जवळ असू द्या.

तिथल्या ‘ती टॉप’ नावाच्या बेटावर साधारण 400 पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खाली वाळूवर बसा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. पण पहाटे साडेपाचला डेकवर याच हं! मागच्या खेपेला मी पाहिलंय, धुक्यातून एकेक चुनखडीचा सुळका वर येतो, कड्याच्या फटीत झाडं चिकटलेली, खाली हिरवं पाणी अगदी स्थिर. अशी सुमारे दोन हजार बेटं आहेत तिथे, त्यासाठीच तर चाललोय आपण.

वादळाचा इशारा आला तर बंदरवाले बोटी सोडत नाहीत, तसं झालं तर इथेच कळवते.