काजूचा तुकडा विकू नका

लालबाग, मुंबई
६ जुलै, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री दादाचा फोन आला. बाबा, तुम्ही घरामागच्या काजूच्या तुकड्याला गिऱ्हाईक बघताय, पोस्टातले पैसेही मोडायचं म्हणताय, असं तो म्हणाला. माझ्या औषधपाण्यासाठी. तेव्हापासून मला त्याचाच घोर लागलाय. फोनवर हे नीट बोलता येत नाही. तुम्ही स्पीकर लावता, ओटीवर वाडीतलं कुणीतरी बसलेलं असतं, आणि माझा आवाज ऐकला की आईला रडू येतं. म्हणून पत्र लिहितेय. सावकाश वाचा.

आधी एवढंच सांगते की तो तुकडा विकायचा नाही. माझ्या उपचाराला तेवढे पैसे लागतच नाहीत. काय लागतं ते पुढे सगळं लिहिते.

दादाने तुम्हाला अर्धवट सांगितलं, कारण मी त्यालाही अर्धवटच सांगितलं होतं. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या ऑफिसची मुंबईची शाखा बंद झाली, हे तुम्हाला माहीत आहे. 'दुसरी नोकरी मिळेल' म्हणून मी हसले होते, तेही तुम्हाला आठवत असेल. दुसरी मिळायला नोव्हेंबर उजाडला आणि पगार ठरला अठरा हजार. मधल्या पाच महिन्यांत काय झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही. पहाटे तीनला जाग यायची. करी रोडवरून पहिली लोकल गेल्याचा आवाज येईपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा कुकर लावला आणि गॅससमोरच बसून राहिले. शिट्ट्या होत होत्या, मला ऐकूही येत होत्या, पण उठून गॅस बंद करायचं काही सुचेना. करपल्याचा वास आल्यावर शेजारच्या काकूंनीच आत येऊन बंद केला. गणपतीत दहा दिवस मी खाली उतरले नाही. लालबागमध्ये जन्म काढून, दार लावून बसले. तुम्हाला फोनवर 'गर्दी फार आहे' म्हणाले, ते खरं नव्हतं.

डिसेंबरात एका रात्री 'आता जगून काय करायचं' असं मनात आलं आणि मला माझीच भीती वाटली. हे वाचून आईच्या पोटात गोळा येईल, पण खरं लिहायचं ठरवलंय. त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस नावाची सोय आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, जेवलात का. मग मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारलं. इतक्या महिन्यांत असं सरळ मला कुणी विचारलंच नव्हतं. मी रडले, त्या थांबल्या, मग पुन्हा बोललो. सकाळी जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात जा, असं त्यांनी सांगितलं.

तुम्ही विचाराल, आधीच का नाही गेलीस. गेले होते, पण चुकीच्या ठिकाणी. एका खाजगी डॉक्टरीणबाईंकडे पाऊण तासाचे दोन हजार लागले. बाई चांगल्या होत्या. पण दर आठवड्याला या म्हणाल्या, आणि मी खाली रस्त्यावर उभी राहून हिशोब केला. महिन्याचे आठ हजार, तेही हाताला काम नसताना. परत गेलेच नाही. आता कळतं की तिथेच तोंड उघडून विचारायला हवं होतं, 'मला एवढी फी जमत नाही, काही कमी होईल का?' पुष्कळ जण अडचण सांगितली की फी कमी करतात, पंधरा दिवसांनी या म्हणतात, नाहीतर दुसरीकडे पाठवतात. मला त्याची लाज वाटली. भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, स्वतःच्या जिवासाठी विचारू शकले नाही.

मग मोबाइलवर जाहिरात बघून आणखी एका माणसाकडे गेले. तो स्वतःला समुपदेशक म्हणवत होता. दहा बैठकांचे पैसे आधी भरा म्हणाला. सहा हजार भरले. तिसऱ्या बैठकीत त्याने मला हातातल्या अंगठीचा खडा बदलायला सांगितला. पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून वाडीत कुणाला गरज पडली तर नक्की सांगा: मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस झालेला, मग मानसोपचारात पुढचं शिकलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलून उपचार करतो, त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारायला संकोच करू नये. आणि सगळे पैसे आधी मागणाऱ्याच्या दारातूनच मागे फिरावं.

शेवटी गेले ती आपल्याच हॉस्पिटलात. बाबा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन जिथे झालं तिथेच. आई डबा घेऊन ज्या जिन्यात बसायची, तो जिना बघून मला बरं वाटलं. पालिकेच्या केईएम, सायन, नायर, कूपर या चारही मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, सरकारी जेजेतही आहे. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. केसपेपरचे पैसे चहा-वड्याच्या हिशोबात बसतात. रांग मोठी असते, अर्धा दिवस जातो, हे खरं. मी ऑफिसात महिन्यातून एकदा अर्धी रजा टाकते.

त्या रांगेबद्दल मला तुम्हाला सांगायचंय. मी मान खाली घालून बसले होते, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. मग हळूहळू बघितलं. युनिफॉर्ममधला एक बस कंडक्टर होता. परीक्षेचं पुस्तक मांडीवर घेतलेली मुलगी होती. एक आजोबा आजींच्या चपलेचा पट्टा लावून देत होते. एक बाई निवांत मटार सोलत होती, पिशवीत शेंगा, डब्यात दाणे. माझा नंबर येईपर्यंत तिने अख्खा डबा भरला, आणि उठताना मला म्हणाली, 'पहिल्यांदा आलीस ना? दोन महिन्यांनी तूपण भाजी घेऊन येशील.' त्या रांगेत मला आपल्या गॅलरीत बसल्यासारखं वाटलं.

आपल्याकडे कुणाचं डोकं जरा बिघडलं की 'रत्नागिरीला टाका' म्हणतात, आणि इथे मुंबईत 'ठाण्याला पाठवा'. दोन्हीकडे मनोरुग्णालयं आहेत, म्हणून त्या गावांची नावं शिवीसारखी झाली. मीही लहानपणी खेळताना तसं ओरडलेय. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून मन सांभाळायचं काम करतेय, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नाही.

हॉस्पिटलातली माझी डॉक्टर म्हणजे माझ्याहून दहा वर्षांनी लहान मुलगी. तिने झोप, भूक, पाळी, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, सगळं विचारून लिहून घेतलं. आधी थायरॉइड आणि रक्त तपासायला लावलं, कारण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो. मग डिप्रेशन आहे म्हणाली, मराठीत नैराश्य. एस्सिटॅलोप्राम नावाची गोळी सुरू केली, आधी पाच मिलीग्रॅम, मग दहा. फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, असं तीनदा बजावलं. पहिले दहा दिवस मला खरंच मळमळलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि खाली दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज येत होता. तीन नाही, साडेपाच. मी किती वेळ घड्याळच बघत बसले.

गोळीशिवाय त्याच फेरीत तिथल्याच सायकॉलॉजिस्टताईंशी बोलायचं असतं. त्यांनी मला एक वही करायला लावली. दिवसभर जी काळजी येईल ती एका ओळीत लिहायची आणि 'संध्याकाळी साडेसहाला बघू' म्हणून मिटायची. साडेसहा ते सात एवढाच वेळ काळजीचा. पहिल्या पानावर एकोणीस ओळी आहेत, कालच्या पानावर चार. त्यातली एक काजूच्या तुकड्याची आहे. मध्ये अडलं तर देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल नावाची हेल्पलाइन आहे, २०१२ पासूनची. तिथे शिकलेले समुपदेशक फोनवर बोलतात, फी घेत नाहीत. दोनदा मला त्यांचा आधार झाला.

आता हिशोब. गेल्या महिन्यात केसपेपर, बसचं भाडं आणि गोळ्या मिळून चारशे रुपयेही झाले नाहीत. गोळ्या बहुतेक वेळा हॉस्पिटलातच मिळतात. एखादी नसली तर जनऔषधी केंद्रातून घेते, तिथे ती बाहेरच्या ब्रँडच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्यायचं, एवढंच लक्षात ठेवावं लागतं. बाबा, तुम्ही मेडिक्लेमचं विचारत होतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं आहे. पण ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसीत बसत नाही. उद्या ॲडमिट व्हायची वेळ आली तर उपयोग, आज नाही. त्याच कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्कही आहे. मी सांगितल्याशिवाय ऑफिसला कळत नाही. पुढेमागे स्थळ आलं तर त्याला मीच सांगेन, लपवून लग्न करायचं नाही.

बाबा, एक बोलू? गिरण्यांचा संप १९८२ चा, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आई सांगते, गिरणी गेल्यावर तुम्ही दीड वर्ष गॅलरीत पाय सोडून बसायचात, जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, आणि ती खानावळीच्या पोळ्या लाटत बसायची. तुम्हाला कुणी आळशी म्हटलं, कुणी म्हटलं देवाचं काहीतरी राहिलंय. आजारी कुणी म्हटलं नाही. डॉक्टरने घरातलं विचारलं तेव्हा मी तुमची ती गॅलरी सांगितली. तिने लिहून घेतली. तुम्हाला वाईट वाटलं तर माफ करा. पण मला वाटतं तेव्हा तुम्हालाही कुणीतरी या रांगेत आणून बसवायला हवं होतं.

आणि आई, तू. मावशी गेल्यापासून तुला झोप नाही, आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली अर्धी गोळी तू रोज घेतेस, हे मला वहिनीने सांगितलं. झोपेच्या तसल्या गोळ्यांची सवय लागते. पण घाबरून आजच एकदम बंद करू नकोस, त्यानेही त्रास होतो, डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात. त्या गोळीचं पाकीट फेकू नको, येताना घेऊन ये. पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे, दोघं चार दिवस या, आपण एकत्रच जाऊ. तोवर शेजारच्या मुलाकडून फोनमध्ये १४४१६ सेव्ह करून घे. दुपारी बाबा झोपले की ओटीवर न बसता आत जाऊन बोल. मावशीबद्दल बोललीस तरी चालेल, त्यांना तेच ऐकायचं असतं. देवाला गाऱ्हाणं घातलंस ते चांगलंच केलंस. माझी गोळीपण चालू राहू दे.

गौरी-गणपतीला मी घरी येणार, रजा टाकली आहे. गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये असेल आणि रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मी ती घेईन, मागच्या पडवीत जाऊन नाही. काकी विचारेल, कसली गं गोळी. आई, तेव्हा तू विषय बदलू नकोस. तिला मी सांगेन.

तुमची,
मनू