यादीतल्या चार ओळी खोडल्याबद्दल

परभणी

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

साठ हजारांत गेमिंगचं कॉम्प्युटर-मशीन बसवायची यादी काउंटरवर ठेवली, तेव्हा तुम्ही पेन काढलात आणि आधी चार ओळी खोडल्यात. त्या चारही वस्तू तुमच्या दुकानात विकायला होत्या. आभार पहिल्यांदा त्याचेच. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्हीच म्हणालात की आधीच दम खायला फुरसत नाही. पण पत्र उघडं लिहितोय, कारण जिंतूर, पाथरी, गंगाखेडची पोरं अजून तीच खोडलेली यादी घेऊन हिंडतात.

पहिली ओळ ग्राफिक्स कार्डाची. यादीत आरएक्स ६५०० एक्सटी होतं, ४ जीबीचं, स्वस्त पडतं म्हणून. त्या कार्डाला मदरबोर्डाशी (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाशी) बोलायला फक्त चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असतात. बोर्ड किंवा प्रोसेसर पीसीआयई ३ चा, म्हणजे त्या वाटांच्या जुन्या पिढीचा असला की त्या चार लेनची गती निम्मी होते. गेमचे टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) कार्डाच्या ४ जीबीत मावेनासे झाले की माल त्याच अरुंद वाटेनं रॅममधून आणावा लागतो, आणि गेम अडखळायला लागतो. म्हणजे स्वस्त कार्ड जुन्या बोर्डावर बसवायला जावं, तर नेमकं तिथंच ते जास्त रडतं. तुम्ही त्याच्या जागी आरएक्स ६६०० लिहिलंत: ८ जीबी, आठ लेन, १३२ वॅट, आठ पिनचा एकच पॉवर कनेक्टर. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरला ते पुरून उरतं.

त्यासाठी लागणारे जास्तीचे पैसे खोडलेल्या बाकीच्या ओळींतून काढलेत. तुमच्या हातची वाटणी अशी: कार्ड २२ हजार, प्रोसेसर साडेदहा, बोर्ड ८, रॅम ४, एसएसडी (साठवणीची डिस्क) साडेचार, पॉवर सप्लाय साडेचार, कॅबिनेट साडेतीन, आणि उरलेल्या ३ हजारांत यूपीएस. मॉनिटर, कीबोर्ड, माउस यात नाहीत. हे आकडे कोणी जसेच्या तसे धरू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की नुसत्या त्या एका ओळीनं अख्खी यादी कोलमडायची. धरायचं ते प्रमाण: एक तृतीयांशाहून थोडं जास्त कार्डाला, प्रोसेसरला त्याच्या निम्मे, आणि पॉवर सप्लायच्या पैशांना कात्री लावायची नाही.

प्रोसेसर तुम्ही रायझन ५ ५६०० ठेवलात. सहा कोअर (आतले मेंदू), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), पीसीआयई ४, ३२ एमबी कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट स्मृती). नावानं जवळचा ५६००जी घेतला तर कॅशे निम्मी आणि लेन पीसीआयई ३ च्या. पण त्यात आतलं ग्राफिक्स असतं, म्हणून कार्ड सहा महिन्यांनी घेणाऱ्याला तोच बरा. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळं मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. बोर्डाच्या एचडीएमआयला लावून "मशीन चालूच होत नाही" म्हणणारे किती येतात, ते तुम्हालाच माहीत.

आणि ते "आय सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी, पंधरा हजार" प्रकरण! चमकता डबा, आत २०११ सालचा आय७ २६०० आणि एच६१ चा बोर्ड. आय७ हे घराण्याचं नाव झालं, पिढी त्यापुढच्या आकड्यावरून कळते. चार कोअरचा साधा आय३ १२१००एफ त्याला मागं टाकतो. शिवाय त्या जुन्या मशीनवर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) नाही, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू लागतात. नव्या मशीनवरही ते बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन तपासावं लागतं, आणि डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची असावी लागते.

बोर्डाबद्दल थोडक्यात. बी५५० घ्यावा, चार रॅम स्लॉटचा. जुना बी४५० स्वस्त मिळाला तर बायोस नवा करून मागायचा, नाहीतर ५६०० ला तो ओळखतच नाही आणि पंखे फिरत असताना पडदा काळा राहतो.

रॅम १६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन. डीडीआर४ ३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबीची वाट देते, दोन मिळून ५१.२. कांड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मग बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग, चालू करायचं. ते राहिलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर मुकाट चालत राहते, आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही.

एसएसडी घेताना एम.२ म्हणजे वेगवान असं धरू नये. एम.२ हा नुसता आकार, त्यात जुन्या साटा जोडणीवालीही येते, तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडतो. पावतीवर एनव्हीएमई (वेगवान जोडणी) हा शब्द हवा.

आता दुसरी ओळ, "कॅबिनेटसोबत ५०० वॅटचा एसएमपीएस फुकट". एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लायच. इथं तुम्ही पेन इतका दाबलात की कागद फाटला. फुकटच्या डब्यावर ५०० लिहिलेलं असतं, पण खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार केला की १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जगतात: प्रोसेसर सुमारे ८०, कार्ड १३२, बाकीचं धरून अडीचशेच्या घरात. मशीन डेस्कटॉपवर नीट दिसतं आणि गेम लावला की बंद पडतं, त्याचं कारण हेच. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का), नाव असलेला सप्लाय घ्यायचा.

पण तुम्ही त्याहून पुढचं दाखवलंत, आणि ते पुण्या-मुंबईच्या यादीत कोणी लिहीत नाही. सप्लायच्या बाजूला इनपुट व्होल्टेज छापलेलं असतं. काहींवर १००-२४०, काहींवर २००-२४०. इकडं संध्याकाळी सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की खेड्यातल्या घरात १७०-१८० व्होल्ट यायला वेळ लागत नाही. २००-२४० वाला तिथं मान टाकतो, १००-२४० वाला ओढून नेतो. भावात फरक थोडा पडतो, राहायला गाव कोणतं त्यावर तो द्यावा.

घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं म्हणणाऱ्यांनाही तुम्ही थांबवलंत. पॉवर सप्लाय वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असला तर त्याला बदलायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि मशीन रिस्टार्ट होतं. मागचं बटण यूपीएस मोडवर टाकलं तर निभतं. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारतो, बॅटरी लवकर म्हातारी होते. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर आणि ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज समान ओढणारं सर्किट असलेला) सप्लाय यांचंही जमत नाही: गुणगुण ऐकू येते, किंवा मशीन बंदच पडतं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॅट. या मशीनला आणि मॉनिटरला तो पुरतो, पण गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच. त्यावर तास काढायची आशा ठेवू नये. प्रिंटर आणि स्पीकर त्याला लावूच नयेत.

अर्थिंगचं तर काय सांगावं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक कॅबिनेटला किंवा कार्डाला दोष देतात. सप्लायच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडं छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असली तर ती गळती जमिनीत जाते. नसली तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट उभे राहतात, प्रवाह मात्र अगदी बारीक. तीन पिनचं सॉकेट दिसतं, तिसऱ्या पिनेमागं वायरच नसते. किंवा वायर असते, खड्डा असतो, पण आपली काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते, रॉडभोवतीची माती सुटते, ओल उरत नाही. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहायचं, हे तुम्ही सांगितलेलं काम बिनखर्चाचं आहे. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर मशीन लावायच्या आधी वायरमनला बोलवायचं. स्वतः स्विचबोर्डाची फळी उघडायची नाही.

तिसरी ओळ लिक्विड कूलरची आणि चौथी समोरून बंद काचेच्या कॅबिनेटची. या दोन्ही एकाच चुकीच्या पोटच्या. इंटरनेटवरचे तापमानाचे आकडे २०-२५ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४२ म्हणजे थंडच. तिथं ७० दाखवणारा प्रोसेसर इथं ९० च्या जवळ जाणार. लिक्विड कूलरसुद्धा खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि ५६०० इतकी उष्णता काढतच नाही की त्याला तो लागावा. प्रोसेसरसोबत येणारा कूलर वर्षातले नऊ-दहा महिने चालतो. उन्हाळ्यासाठी चार नळ्यांचा साधा टॉवर कूलर पुरे. तोही परवडत नसेल तर बायोसमध्ये प्रोसेसरची वॅटची मर्यादा थोडी खाली आणायची. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमला ६० फ्रेमवर लगाम घालायचा, कार्ड लगेच शांत होतं. मॉनिटर १४४ चा असेल तर मात्र विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावं लागतं, ते आपोआप होत नाही.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं. पुढून १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त असली की धूळ फटींतून शिरण्याऐवजी पुढच्या गाळणीवर बसते. ती गाळणी उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुवायची, सुकवून लावायची. घरात कापूस रचून ठेवला असेल तर दर आठवड्याला, कारण त्याची लव हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत गोधडीसारखी बसते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं, नाहीतर बेअरिंगचं काम तमाम. वाळ्याच्या कूलरची हवा थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आले तर बोर्डावर क्षार धरतात.

जोडणीच्या वेळची तुमची बोलणीही आठवतात. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट तुरीच्या डाळीएवढी. सोबतच्या कूलरला ती आधीच लावलेली असते, तिथं वरून आणखी थापायची नाही. त्या कूलरसाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कान काढावे लागतात, मागची पट्टी सुटून पडू द्यायची नाही. स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. कूलर काढायचा झाला तर आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करायचं, बंद करून, प्लग काढून मग कूलर हळू पिळून सोडवायचा. सरळ उपटला तर प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. बोर्डाखालचे पितळी पाय छिद्रांइतकेच ठेवायचे, एखादा जास्तीचा राहिला की शॉर्ट. प्रोसेसरचा आठ पिनचा आणि कार्डाचा आठ पिनचा कनेक्टर वेगळे असतात, जोर लावावा लागतोय म्हणजे चुकतंय. आणि एका कंपनीच्या सप्लायच्या सुट्या केबल दुसऱ्याला कधीच नाही. टोक बसतं, पण आतल्या तारांची मांडणी वेगळी असते, आणि पहिला बळी साटा केबलवरच्या डिस्कचा जातो.

पक्क्या बिलाचा आग्रह तुम्ही धरलात, तेव्हा १८ टक्के जीएसटी जड वाटला, हे खरंच. पण बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर असला तरच वॉरंटीचं बोलणं सुरू होतं, आणि सेवा केंद्र जिल्ह्याच्या गावी असेलच असं नाही. जुनं कार्ड घेणाऱ्यांना तुम्ही लावलेली अटही इथं लिहून ठेवतो: जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरचा, म्हणजे कार्डातल्या हिशेब करणाऱ्या घटकांचा, आकडा बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या कार्डात २३०४ च्या जागी २०४८ दिसले तर ते कापलेलं मॉडेल, भाव त्याच हिशेबानं.

दादा, खोडलेली ती यादी आम्ही झेरॉक्स काढून ठेवलीय, फाटलेल्या जागेसकट. मूळ कागद आणि मीटरची लाल वायर आमच्याकडंच राहिली. आठवडी बाजाराला येणाऱ्या पोराच्या हाती पाठवतो. वायरचं टोक सैल झालं होतं, ते सोल्डर केलंय.

आपले,
खोडलेल्या यादीचे धनी