ट्रंकेतले कागद रद्दीत घालू नकोस

पुणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय अवी,

ट्रंकेतल्या कागदांचे तुझे अकरा फोटो मिळाले. त्यातले चार तुझ्या अंगठ्याचेच आहेत. बाकीचे सात दुपारभर मोठे करकरून बघत बसलो. हिने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा गार झाला. तिसऱ्यांदा आणला नाही.

सगळ्यात आधी एक काम कर. पत्र पुढे वाचायच्या आधी त्या रद्दीवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांग. सगळी ट्रंक तोलून दिलीस तरी दोन मिसळींचे पैसे येतील. मी तुला चार मिसळी देतो.

आता तुझा प्रश्न. "मोडीत आहे, जमिनीचं काही निघतंय का बघ." नाही रे, जमिनीचं काही नाही. निदान या सात फोटोंत तरी नाही. राणीच्या छापाच्या स्टँपचे जे तीन कागद आहेत ते कर्जरोखे आहेत, म्हणजे खतं. माझं मोडी अजून बालवाडीतलंच, पण खताची भाषा ठरलेली असते, त्यामुळे निभावतं. आधी शके आणि संवत्सर, मग धनको (पैसे देणारा), मग रिणको (घेणारा), मग "आत्मकार्यालागी घेतले" (म्हणजे स्वतःच्या गरजेसाठी घेतले, कुणी जबरदस्ती केली नाही), मग व्याज, साक्षी, आणि शेवटी बिकलम म्हणून लिहिणाऱ्याचं नाव. एक खत वाचता आलं की दहा वाचता येतात.

पहिला कागद शके १७८९, प्रभव संवत्सर. दुसरा १७९२, प्रमोद. तिसरा १७९५, श्रीमुख. इंग्रजी हिशेबाने साधारण १८६७, १८७० आणि १८७३. तिन्हींत रिणको एकच, धनकोही एकच. पहिल्यात रुपये ५०, दुसऱ्यात ८६, तिसऱ्यात १४८. मला वाटलं, दर वेळी नवीन कर्ज काढलंय. मग व्याजाची ओळ लागली: दरमहा दर सदे रुपये २. म्हणजे शेकडा दोन, महिन्याला. छत्तीस महिने गुणून बघ. पन्नासाचे बरोबर शहाऐंशी होतात. शहाऐंशीवर परत तेच केलंस की आठ पैसे कमी एकशे अठ्ठेचाळीस. त्या माणसाने पन्नास रुपयांनंतर एक पैसाही नवा घेतलेला नाही, अवी. तेच पन्नास रुपये तीनदा लिहिलेत.

तीन-तीन वर्षांचं अंतर का, तेही सांगतो. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावायची अट आली. वर्षानुवर्षं व्याज साठू नये, कुळाला, म्हणजे कर्जदाराला, दिलासा मिळावा, हा हेतू. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि तोवरचं व्याज मुद्दल होऊन बसायचं. त्यात १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला, वर सरकारने नव्या पाहणीत शेतसारा वाढवला. शेवटी १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि सावकारांच्या घरांत घुसून खतं बाहेर काढून जाळली. शाळेत "दख्खनचे दंगे" म्हणून दोन ओळी होत्या, आठवतंय? मला तेव्हा वाटायचं, पैसे सोडून कागद का जाळले? आता हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर विचारावं लागत नाही. ज्यांनी मुकाट्याने खतं काढून दिली, त्या सावकारांना लोकांनी बहुतेक ठिकाणी हातही लावला नाही.

म्हणूनच या मुलखातलं १८७५ च्या आधीचं खत दिसलं की माझा जीव वरखाली होतो. १८७९ च्या शेतकरी मदत कायद्यानंतरची त्या मानाने बरीच मिळतात, गावच्या रजिस्ट्रारच्या शेऱ्यानिशी. तुमच्या गावाहून सुपं काही फार लांब नाही. तुमचे कागद कसे वाचले असतील? माझा अंदाज, त्या उन्हाळ्यात कुणीतरी ट्रंक कणगीत नाहीतर बळदात लपवली असणार. हा निव्वळ अंदाज.

आणि हो, धनको म्हणजे तुझे खापरपणजोबाच. आडनावासकट आहेत. तुला हे कसं सांगावं यातच तासभर गेला. तुमच्याकडे "आमची जुनी शेती, मानाचं घर" एवढंच ऐकत आलोय आपण. सावकारी होती हे काकांना माहीत होतं की नाही कोण जाणे. अजून एक खुपलं. नवं खत लिहिलं की जुनं फाडून कुळाला परत द्यायचं, ही रीत. तुझ्याकडे तिन्ही अख्खे आहेत. विसरले असतील, किंवा कुळाला मागायचं धाडस झालं नसेल. एवढ्यावरून मी काही म्हणणार नाही.

आता सहाव्या फोटोत खाली उजवीकडे बघ. "निशाणी नांगर" असं लिहिलंय आणि शेजारी इवलासा नांगर काढलाय. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही ती. बाई असली तर बांगडी, वाणी असला तर तराजू. पुष्कळदा ही निशाणी लिहिणारा कारकूनच काढून टाकतो, एका फटकाऱ्यात. इथे तसं नाही. अक्षर बोरूचं, झरझर, सराईत. नांगराची रेघ मात्र थरथरती, इसाड, म्हणजे नांगराचा दांडा, नको तितकं लांब झालंय, आणि फाळापाशी शाईचा थेंब सांडलाय. त्याने स्वतः काढलाय तो. पहिल्या खतातही काढलाय, तिथे जरा ठीक आहे.

जपण्याबद्दल थोडं. लॅमिनेशन करू नकोस, सेलोटेप तर अजिबात नको. माझ्याच हातून घडलंय म्हणून सांगतोय. जुन्या बाजारात एक हुंडी मिळाली होती, पटलेली (पैसे चुकते झालेली), म्हणजे खोखा. (हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. काय शब्द आहेत!) घडीवर फाटलेली होती, मी हौसेने टेप लावली. पाच वर्षांत टेप सुटून पडली आणि कागदावर तिचा मधासारखा पिवळा पट्टा राहिला, नेमका रकमेवर. आता तो जात नाही. तू फक्त जुन्या धुतलेल्या मलमलीच्या धोतरात सैल गुंडाळून ठेव. दफ्तरखान्यात त्यालाच रुमाल म्हणतात. स्टँप कापून घेतो म्हणणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव.

तळाशी इंपीरियल बँकेचे चेक दिसतायत. एक आण्याचा छापील मुद्रांक असला तर १९२७ च्या आधीचे. मी बँकेत तीस वर्षं क्लिअरिंगला होतो, हजारो चेक हातातून गेले, एकाचाही मोह झाला नाही. हल्ली तर चेक जागचा हलतही नाही, नुसता त्याचा फोटो क्लिअरिंगला जातो. ते चेक मी घेईन, त्याबद्दल मात्र वाद घालू नकोस.

खतांचं काय करायचं ते तू ठरव. भारत इतिहास संशोधक मंडळात द्यायची असतील तर मी बरोबर येतो. पण एक सांगायचं राहिलं. रिणकोचं आडनाव तुझ्या ओळखीचं आहे. दर वर्षी नांगरटीला तू ज्याचा ट्रॅक्टर सांगतोस ना, त्याचंच. तोच वंश असेल असं नाही, गावात त्या आडनावाची दहा घरं असतील. म्हणून म्हणतो, हे फोटो गावच्या ग्रुपवर इतक्यात टाकू नकोस.

शनिवारी सकाळच्या एस्टीने येतोय. भिंग आणतो. वहिनींना म्हणावं, पिठलं-भाकरी पुरे.

तुझा,
मध्या