योना, शिकी आणि घोसाळ्याचा वेल

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘पाळक व्हायला गेलीस, मग या गोष्टी आणि जपानी कविता कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, तू वाचून दाखव त्यांना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर ताण नको.

सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण देणाऱ्या या कॉलेजात, मी यंदा कथाकथन हा विषय घेतलाय. शास्त्रभाग, म्हणजे बायबलमधला उतारा, पाठ करून धडाधडा म्हणणं म्हणजे कथाकथन नव्हे. आधी त्या भागाचे प्रसंग पाडायचे. मग वर्गातली टेबलं भिंतीला लावून ते प्रसंग चालायचे: दाराशी याफोचं बंदर, फळ्यापाशी जहाज, तिकडे खिडकीकडे निनवे. कोण कुठे उभं आहे, वारा कुठून येतोय, हे एकदा पायांना कळलं की शब्द आपोआप येतात. गोष्ट संपली की ऐकणाऱ्यांनी एवढंच सांगायचं, की त्यांना काय दिसलं. तात्पर्य कुणी विचारत नाही.

मी योना घेतला, निनवेला जा म्हटल्यावर जहाजात बसून देवापासून पळणारा बायबलमधला संदेष्टा. चार अध्याय, 48 वचनं, सांगायला जेमतेम पाव तास. संडे स्कूलपासून आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतो तो त्याला गिळणारा मासा. पण गोष्ट माशापाशी संपतच नाही. ती संपते शहराबाहेर, उन्हात, सुकलेल्या वेलाशेजारी. देवाने निनवेला माफ केलं म्हणून योना रुसून बसलाय आणि देव त्याला विचारतो: तुला या वेलाची कीव येते, मग ज्या निनवेत 1,20,000 हून अधिक माणसं आहेत, शिवाय इतकी गुरंढोरं, त्या शहराची कीव मला येऊ नये? योना काय म्हणाला ते शास्त्रात नाही. प्रभू येशूच्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही तेच. उधळ्या धाकटा परत आला म्हणून घरात मेजवानी चाललीय. थोरला मुलगा घराबाहेर उभा, आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतोय, बाप विनवण्या करतोय, आणि प्रभू तिथेच थांबतो. थोरला आत गेला का? ज्याने त्याने आपलं आपण बघायचं. आपण मात्र लगेच ‘यावरून आपण काय शिकतो’ म्हणून तीन मुद्दे काढतो आणि ऐकणाऱ्याच्या वाटणीचं उत्तर देऊन मोकळे होतो. बाबा, मला जिथे प्रभू थांबला तिथे थांबता येणारी पाळक व्हायचंय.

आणि हे थांबणं मला सगळ्यात नीट शिकवलं ते जपानी कवींनी. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ; मीही शनिवारी एका वर्गाला जाते. आई, शिरीष पैंनी मराठीत हायकू, ती तीन ओळींची जपानी कविता, आणला, तो तुझ्या परिचयाचा आहेच. माझ्या मनात सध्या मासाओका शिकी हा हायकू लिहिणारा जपानी कवी घर करून बसलाय. 1867 चा जन्म. मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळलेला, टोकियोतल्या लहानशा घरात आई आणि बहीण रित्सू त्याचं सगळं करायच्या. तो वर्तमानपत्रात लिहायचा की सहा फुटांचं अंथरूण हेच माझं जग, आणि तेही मला मोठं पडतं. मरणाच्या दोन दिवस आधीपर्यंत त्याचं हे सदर छापून येत होतं. खोलीसमोर घोसाळ्याचा वेल चढवलेला होता. घोसाळ्याच्या वेलाचं पाणी तिकडे कफावर देत. 18 सप्टेंबर 1902 ला त्याने पडल्या पडल्या शेवटच्या तीन कविता लिहिल्या, तिन्ही त्या घोसाळ्यावर, आणि रात्र सरायच्या आत गेला. पस्तिशीही पुरी झाली नव्हती. त्याची आधीची, 1896 मधली एक कविता मी मराठीत अशी केली आहे:

पुन्हा पुन्हा
विचारत राहिलो,
बर्फ किती साचलं?

बस्स. आजारी आहे, उठवत नाही, हे कुठेही म्हटलेलं नाही.

आम्हा विद्यार्थ्यांना दर आठवड्याला इस्पितळात रुग्णांना भेटायला जावं लागतं. पावसाळ्यात तिथे मावळातले एक आजोबा होते. येईल त्याला, नर्सला, झाडूवाल्या मावशींना, एकच विचारायचे: ‘पाऊस किती झाला?’ मला शिकीचं बर्फ आठवलं. मी शास्त्र पिशवीतच ठेवलं, स्टूल ओढून बसले आणि त्यांच्या सुनेकडून कळलेलं सांगितलं, की वरची खाचरं भरली, खालची अजून राहिली आहेत. मग ते कितीतरी वेळ बोलले. कुठल्या खाचराचा बांध दरवर्षी फुटतो, इंद्रायणी भात कुठे लावतात, आवणाला, म्हणजे भातलावणीला, माणसं कशी मिळत नाहीत. मी निघताना त्यांनीच माझा हात धरला आणि म्हणाले, ‘तुझ्या देवाला सांग काहीतरी माझ्यासाठी.’ ती प्रार्थना मी दोन वाक्यांत केली.

बाबा, हे काही परकं वेड नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कीर्तन हातात घेतलं तेही गोष्टीची ताकद ओळखूनच. तुम्ही पेटीवर त्यांची गीतं वाजवता तेव्हा मंडळी नुसती ऐकत नाही, हलते. मला तसंच बोलता यायला हवंय.

नाताळच्या सुट्टीत येते आहे. पाळकसाहेबांना विचारून ठेवा, शनिवारच्या प्रार्थनासभेत पाव तास मिळेल का. योना सांगायचाय. आणि एक विनंती: मी गोष्ट संपवली की लगेच गीत सुरू करू नका, आणि पाळकसाहेबांनाही म्हणावं, दोन शब्द बोलायची घाई नको. लोकांना जरा वेळ द्या. नंतरचं गीत कुठलं ते तुम्ही ठरवा, मला फक्त पट्टी आधी सांगा.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. आई, तू विहिरीवरून पाणी आणणं बंद कर, गुडघे सांभाळ. पैसे पाठवू नका, शिष्यवृत्ती जमा झाली आहे.

तुमची
लेक