पाचशे ‘जिवंत काडतुसे’ आणि शस्त्रांच्या बातम्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या महिन्यात महाविद्यालयीन तरुणीच्या पिशवीतून विदेशी बनावटीचे पिस्तूल आणि पाचशे जिवंत काडतुसे सापडल्याची तीन रकान्यांची बातमी ठळक मथळ्यासह प्रसिद्ध झाली होती. ही तरुणी आमच्या नेमबाजी क्लबमध्ये गेली चार वर्षे सराव करते. बसस्थानकावर तिची पिशवी उघडली गेली त्यानंतर तासाभरात क्लबचा जुना सदस्य म्हणून मी चौकीत पोहोचलो होतो, त्यामुळे टेबलावर काय मांडून ठेवले होते ते मी स्वतः पाहिले आहे. स्पंजच्या खाचेत बसवलेले दहा मीटर प्रकाराचे एअर पिस्तूल होते, त्याच्या नळीखाली दाबलेल्या हवेचे बोटभर जाडीचे नळकांडे होते आणि शेजारी पेढ्याच्या डबीएवढा चपटा गोल पत्र्याचा डबा होता. बातमीतली पाचशे जिवंत काडतुसे ती हीच. डबा उघडला तेव्हा आत शिशाचे छर्रे होते: पुढून सपाट, कमरेत डमरूसारखे बारीक, मागे परकरासारखे घेरदार आणि प्रत्येकी जेमतेम अर्ध्या ग्रॅमचे. असे छर्रे सर्रास पाचशेच्या डब्यातच विकत मिळतात.

काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. हे सारे शाबूत असेल तर ते जिवंत, आणि बार उडून गेल्यावर उरते ती रिकामी पुंगळी. शिशाच्या छर्‍यात टोपीही नसते आणि दारूही नसते, त्यामुळे त्याला जिवंत म्हणणे हे बोराच्या बीला बॉम्ब म्हणण्यासारखे आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, यापेक्षा मोठा नाही, तिला परवाना लागत नाही. स्पर्धेतले एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच खाली असते. स्पर्धेची एअर रायफलदेखील सात-आठ ज्यूलच्या पुढे जात नाही. चौकीतल्या अधिकाऱ्यांनी खरेदीची पावती आणि संघटनेचे ओळखपत्र पाहून संध्याकाळपर्यंत तिला सन्मानाने घरी पाठवले, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी छापून आलेल्या शब्दांबद्दल आहे आणि तीही केवळ या एका बातमीपुरती नाही.

शस्त्रांविषयी आपल्याकडे दोन प्रकारच्या बातम्या येतात. पहिल्या प्रकारात पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे छापलेले असते, आणि दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एखादे नवे शस्त्र बाजारात आले की, कारखान्याचे माहितीपत्रक जसेच्या तसे छापलेले असते. पहिल्या प्रकारात प्रत्येक वस्तू घातक ठरते, दुसऱ्यात प्रत्येक वस्तू अद्भुत. नवी मोटारगाडी आली तर आपले वार्ताहर मायलेज, किंमत, सर्व्हिस सेंटर सारे विचारतात. बंदुकीच्या बाबतीत मात्र ‘पल्ला किती?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे जे उत्तर मिळेल ते मथळ्यात जाते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये आलेले ‘प्रबल’ हे रिव्हॉल्वर. दारूगोळा कारखान्यांचे महामंडळीकरण होऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांपैकी कानपूरच्या ‘अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’ या कंपनीने ते काढले. ०.३२ बोर (बोर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप, इथे इंचांत), काडतुसांशिवाय वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटरची आणि एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर. देशातले पहिले लांब पल्ल्याचे रिव्हॉल्वर, पल्ला ५० मीटर, इतरांच्या दुपटीहून अधिक, असे सगळीकडे छापून आले. पण पल्ला म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. गोळी तिच्यातला जोर संपेपर्यंत जाते, म्हणजे कुठल्याही ०.३२ रिव्हॉल्वरची गोळी शेकडो मीटर जाऊ शकते, आणि म्हणूनच लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारा मनुष्य दूरच्या गच्चीवरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. नेम कुठवर धरता येईल हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शस्त्राइतकेच हातावर अवलंबून असते. ५० मीटरवर पिस्तूल चालवण्याचा स्वतंत्र क्रीडाप्रकार २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत होता. त्यात लक्ष्याच्या मधले वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते आणि ते गाठण्यासाठी लांब नळीचे, हाताच्या मापाने मूठ कोरून घेतलेले पिस्तूल घेऊन माणसे आयुष्याची दहा-दहा वर्षे घालवतात. ७६ मिलिमीटरच्या, म्हणजे काडेपेटीच्या दीडपट लांबीच्या, नळीने तेच अंतर सामान्य खरेदीदार गाठील असे वाचकाला वाटू देणे योग्य नव्हे.

या रिव्हॉल्वरचे दुसरे नावीन्य म्हणजे बाजूला उघडणारी चक्री, म्हणजे काडतुसे भरायचे फिरते नळकांडे. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याचे जुने ०.३२ रिव्हॉल्वर वेब्ली या इंग्रज कंपनीच्या घाटाचे आहे. वरची कळ दाबून नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या चांदणीच्या आकाराच्या पट्टीवर एकदम वर उचलल्या जातात. ती हालचाल ज्याने हाताळली आहे तो ती विसरत नाही, पण वर्षानुवर्षे वापरात बिजागरी सैल होते हेही खरे. चक्री बाजूला काढण्याची रचना सांगाड्याला मजबुती देते, म्हणून ती चांगलीच आहे. फक्त ती नवी नाही. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन या कंपनीने बाजूला उघडणाऱ्या चक्रीचे आपले पहिले रिव्हॉल्वर १८९६ मध्ये काढले, आणि गंमत अशी की, आज ‘प्रबल’मध्ये जे ०.३२ लाँग काडतूस जाते ते त्याच रिव्हॉल्वरबरोबर जन्माला आले. म्हणजे चक्रीही तीच आणि काडतूसही तेच, सव्वाशे वर्षांपूर्वीचे. भारतीय परवानाधारकाला अशी चक्री देशी कारखान्यातून प्रथमच मिळते आहे, ही बातमी होती. आपण छापली ती चमत्काराची.

मग आपल्या देशात जे ते रिव्हॉल्वर ०.३२ चेच का, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू वार्ताहराला पडायला हवा होता. त्याचे उत्तर कायद्यात आहे. लष्कर आणि पोलीस जी काडतुसे वापरतात ती नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून ०.३०३, ०.३८, ०.४५५ आणि ९ मिलिमीटर ही मापे सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत. त्यांना ‘प्रतिबंधित बोर’ म्हणतात. उरते ते मुख्यतः हातातल्या शस्त्रासाठी ०.३२, रायफलसाठी ०.३१५, शिवाय ०.२२ आणि बारा बोरची बंदूक. म्हणून २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीने उत्तर प्रदेशात संडीला येथे उत्पादन सुरू केले तेव्हा तेही ०.३२ नेच, आणि या मापाची काडतुसे आपल्या खडकीच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या कारखान्यात तयार होत आली आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने यातला खडकीचा धागा कानपूरपेक्षा जवळचा होता. तो कुठेच दिसला नाही. (जाता जाता एक विनंती. ‘३२ बोर’ असे लिहू नये, दशांशचिन्ह लिहावे. ‘बारा बोर’ हे माप इंचांचे नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोरची नळी. दोन्ही हिशेब वेगळे आहेत आणि दशांशचिन्ह गाळले की ते एकमेकांत मिसळतात.)

सर्वांत जास्त खटकले ते ‘महिलांना पर्समध्ये सहज ठेवता येईल’ हे वाक्य. २०१४ च्या जानेवारीत ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर कानपूरहून आले तेव्हाही महिलांच्या सुरक्षिततेचेच निमित्त होते आणि त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. किंमत परवडते असे क्षणभर मानले तरी भरलेले रिव्हॉल्वर पर्समध्ये ठेवू नये, हा धडा आम्ही नवशिक्याला पहिल्याच दिवशी देतो. पर्समध्ये किल्ल्या असतात, पेन असते, कंगवा असतो, आणि यांतले काहीही चापाच्या कडीत अडकू शकते. रिव्हॉल्वर अंगावर घट्ट बसणाऱ्या, चाप झाकणाऱ्या म्यानातच असावे लागते. शिवाय पर्स हिसकावली गेली तर शस्त्रही गेले, आणि परवानाधारकामागे चौकशीचा ससेमिरा लागतो तो वेगळाच. माहितीपत्रकात हे नसणार, ते स्वाभाविक आहे. वर्तमानपत्रात मात्र असायला हवे.

नव्या शस्त्राच्या बातमीखाली चार ओळींची चौकट देणे फारसे अवघड नाही. परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. अर्ज जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला जोडावा लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे, आणि लग्नसमारंभात वा मिरवणुकीत बेपर्वाईने गोळी झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूक आली की शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते, हेही खरेदीच्या आनंदात असलेल्या माणसाला ठाऊक असलेले बरे. माझी वडिलार्जित बारा बोरची दुनळी एका निवडणुकीनंतर परत घेतली तेव्हा नळीत आतून तांबेरा धरला होता आणि तो काढायला मला दोन रविवार लागले. तेव्हापासून मी ती जमा करताना नळीत तेलाचा बोळा फिरवूनच देतो. अशा बारीकसारीक गोष्टी बातमीत आल्या तर पुष्कळ हौशी मंडळींचा उत्साह आपोआप माफक होईल, असा माझा अनुभव आहे.

गावठी कट्ट्याच्या बातम्यांविषयी एवढेच म्हणतो की, कट्टा म्हणजे एका वेळी एकच बार काढणारे, कुठल्याही चाचणीतून न गेलेल्या नळीचे हत्यार. ते डागणाऱ्याच्या हातातही फुटू शकते. त्याला एका परिच्छेदात कट्टा, दुसऱ्यात पिस्तूल आणि मथळ्यात रिव्हॉल्वर म्हटले की तीन हत्यारे सापडल्याचा भास होतो. आरोपी ते कमरेला खोवून ‘रुबाबात’ फिरत असल्याचे वर्णनही टाळावे, कारण आमच्या क्लबमध्ये चौकशीला येणाऱ्या मुलांपैकी काहीजण पहिल्यांदा नेमकी तीच भाषा बोलतात. त्यांना दहा मीटरवरच्या कागदासमोर उभे केले की ती भाषा आठवड्याभरात विरते. एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याच्या नऊपट रुंद. श्वास अर्ध्यावर रोखायचा, चापावरचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा, आणि नाडीच्या दोन ठोक्यांमध्ये छर्रा सुटायला हवा. तिथे रुबाबाचे काही काम उरत नाही.

ज्या जिल्ह्यातून मी हे लिहितो आहे त्या कोल्हापूरने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात) जगज्जेती ठरलेल्या तेजस्विनी सावंत दिल्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण आणणाऱ्या राही सरनोबत दिल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले तेव्हा आपल्याच दैनिकाने पहिले पान सजवले होते. राहींचे पिस्तूल आणि स्वप्नील यांची रायफल ०.२२ बोरची, म्हणजे परवाना लागणारी खरीखुरी अग्निशस्त्रे. मनू भाकर यांनी पॅरिसमध्ये ज्याने दोन कांस्यपदके मिळवली ते एअर पिस्तूल, आमच्या या मुलीकडे होते त्याच जातीचे. पदकाच्या दिवशी आपण त्याला ‘साधना’ म्हटले आणि बसस्थानकावर ‘विदेशी बनावटीचे पिस्तूल’. विदेशी बनावटीचे ते आहेच, कारण स्पर्धेची बहुतेक एअर पिस्तुले जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीहूनच येतात.

त्या बातमीत मुलीचे नाव नव्हते, हे आपले सौजन्य मान्य करतो. परंतु गाव, महाविद्यालय आणि वर्ग छापल्यावर नाव उरतेच कुठे? तिच्या वडिलांना दूध संस्थेत आजही लोक त्याविषयी विचारतात. ती सध्या सरावाला एसटीने येत नाही, भावाच्या दुचाकीवरून येते, आणि पिस्तुलाची पेटी जुन्या हार्मोनियमच्या खोळीत घालून आणते. राज्य स्पर्धेच्या निवडीपूर्वी, त्याच जिल्हा पानावर आणि शक्य तर तितक्याच टाइपात, आपण एवढेच छापावे अशी विनंती आहे की, सापडलेली वस्तू परवान्याची गरज नसलेले क्रीडा एअर पिस्तूल होते, डब्यात काडतुसे नसून छर्रे होते आणि कोणताही गुन्हा दाखल झालेला नाही. पावतीची आणि ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
एक नेमबाज वाचक
कोल्हापूर