नेटवर्कवाले दादा, तुमचे मनापासून आभार

नेटवर्कवाले दादा, सप्रेम नमस्कार.

भोसरीतल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवायच्या कारखान्यात, सगळे तुम्हाला याच नावाने हाक मारतात, म्हणून पत्रातही तेच. तुमचं बिल चुकतं झालं. पण त्या बिलात जे कुठेच धरलेलं नव्हतं, त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

आम्ही तुम्हाला बोलावलं होतं आठवा सर्व्हर बसवायला. कोटेशनसुद्धा मंजूर होतं. तुम्ही म्हणालात, "आधी असलेले सात काय करतात ते बघू," आणि एकेका प्लगला वॉटमीटर लावत गेलात. टॅली, हजेरी, ड्रॉइंगच्या फायली, ईआरपी (खरेदीपासून विक्रीपर्यंतचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), प्रत्येकाला वेगळं मशिन. रात्री ऑफिस बंद असताना हजेरीच्या मशिनवर मीटर दीडशे वॉट दाखवत होता आणि प्रोसेसरचा वापर होता जेमतेम दोन-तीन टक्के. मी अकाउंट्सची माणूस. तुम्ही हिशेब माझ्याच वहीत मांडलात: दीडशे वॉट, चोवीस तास, 365 दिवस, म्हणजे वर्षाला 1314 युनिट. एकट्या हजेरीसाठी! शिवाय त्या मशिनची उष्णता बाहेर काढायला एसी जळतो तो वेगळाच.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. गूगलच्या बारोसो आणि हॉल्झल यांनी 2007 मध्येच लिहून ठेवलंय की सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के क्षमतेवर चालतात, आणि काम नसतानाही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज खातात.

मग तुम्ही उपाय सुचवलात व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे एकाच खऱ्या मशिनच्या पोटात सॉफ्टवेअरने अनेक व्हर्च्युअल मशिन चालवायची. ते साहेबांना समजावताना तुम्ही वाड्याचं उदाहरण दिलंत. वाडा एक, बिऱ्हाडं अनेक, प्रत्येकाचं कुलूप वेगळं. विहीर मात्र सामायिक. साहेबांना ते लगेच पटलं, पण धास्तीही वाटली की वाडाच बसला तर? त्यावर तुम्ही एका मशिनवर भागवायला साफ नकार दिलात. दोन घ्या, वेळ आली तर एकट्याने सगळा भार पेलेल असं प्रत्येक घ्या, आणि बॅकअप परत चढवून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. महागडं लायसन्स गळ्यात मारणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही व्हर्च्युअल मशिन सांभाळणारं प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर बसवलंत, ज्याला लायसन्सचा खर्च नाही.

सगळ्यात चिवट निघालं ते डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी डोंगल, म्हणजे जी खुंटी मशिनला लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडतच नाही. व्हर्च्युअल मशिनला ते दिसेचना. रात्री उशिरापर्यंत बसून तुम्ही ते नेमक्या त्याच मशिनशी जोडून दिलंत आणि सकाळी डिझाइनची मुलं नेहमीसारखी कामाला लागली. हजेरीचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. ते तुम्ही जसंच्या तसं आत उचलून ठेवलंत आणि त्याचं इंटरनेट तोडलंत.

आज दोन्ही मशिन मिळून चारशे वॉटच्या आत आहेत. आधी सात मिळून हजारावर जात होती. सर्व्हर रूमचा एसी 18 वरून 25 वर आणलात तेव्हा मला काळजी वाटली होती, पण तुम्ही सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर ठेवून दाखवलंत की 27 अंशांपर्यंतची हवा त्यांना चालते. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, तेव्हा त्याच यूपीएसवर आता कितीतरी जास्त वेळ निघतो आणि जनरेटर लगेच सुरू करावा लागत नाही.

जुनी मशिनं भंगारवाल्याला जाणार होती. तुम्ही डिस्क काढून नष्ट करायला लावल्यात आणि बाकीचं अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवून पावती माझ्या फायलीत लावलीत. आमच्या स्टोअरमधल्या मुलाला शेजारी बसवून सगळं शिकवलंत, त्याचा एक रुपयाही लावला नाहीत. आता रोज सकाळी तोच बॅकअपचा अहवाल तपासतो आणि काही अडलं तरच तुम्हाला फोन करतो.

शेजारच्या गाळ्यातले साहेब नवा सर्व्हर घेणार आहेत. तुमचा नंबर त्यांना दिलाय. येताना वॉटमीटर घेऊन या आणि चहाला आमच्याकडेच थांबा.

आपली,
अकाउंट्सच्या टेबलावरची ताई